दोन इंचांचा चौकोन

२ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे. उरले तर आईला दे, तिला हल्ली माझ्याकडून काही घ्यायला सवड नाही.

मी बोलतेय आणि समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई लिहितायत. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांची अक्षरं सुधारली, आता माझी वाक्यं सुधारायला बघतात. मी बजावलंय, मी म्हणेन तसंच उतरवायचं. (तसंच उतरवते आहे. — लिहिणारी) बघ, मध्ये तोंड घातलंच.

फोन करू नका असं मीच सांगितलं होतं, हे खरं. मला त्यात ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं तुम्हाला ऐकवत नाही. पण फोन नको म्हणजे पत्रही नको, असं कुणी सांगितलं? तुझ्या आईचं शेवटचं पत्र येऊन चार महिने झाले. त्यात तरी काय होतं? 'मी बरी आहे. काम फार आहे. तू जप.' झालं पत्र. ही माझी लेक लहानपणी एका दमात इतकं बोलायची की ऐकणाऱ्याला पाणी प्यावं लागायचं.

गेल्या वर्षी येते म्हणाली, आली नाही. सुट्टीत येते म्हणाली, आली नाही. ती चार दिवस गेली नाही तर कचेरीचं छप्पर खाली येतं का, ते एकदा विचार तिला. मी रागावलेली नाही. रागवायला समोर माणूस लागतं.

हात अजून चालतो. मशीनला तेल घातलंय, सुईत दोरा मास्तरीणबाई ओवून देतात. तुम्हा दोघींना काही शिवून हवं असेल तर सांगा. नाहीतर मी उशांचे अभ्रे शिवून शिवून मास्तरीणबाईंचं घर भरून टाकीन. त्या सभ्य आहेत, नको म्हणत नाहीत.

आई कशी आहे ते लिही. एका ओळीत गुंडाळू नकोस.

तुझी आजी
(अंगठा तिचा, अक्षर माझं)


११ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, खरं तर खुर्चीत बसून केलाय.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. कचेरीचं छप्पर ऐकून हसली. आणि लगेच म्हणाली, "मला एक जाकीट हवंय. आईच्या हातचं." त्यांच्याकडे गार हवेचं यंत्र फार जोरात लावतात, तिला थंडी वाजते. पुढून उघडणारं हवं, गळ्यापर्यंत बटणं, पूर्ण बाह्या, आतून मऊ अस्तर. डोक्यातून घालायचं नको, तिचा खांदा दुखतो. कापड आणि अस्तर पार्सलने पाठवलंय. निळा रंग तिनेच निवडला.

माप घेऊन पॅटर्न मी काढलाय. मी कंपनीत कॉम्प्युटरवर दिवसभर हेच करते, हे तुला माहीत आहे. तो मी तुमच्या बाजारातल्या छपाईच्या दुकानाला पाठवलाय, पत्ता मास्तरीणबाईंनी दिला होता. सोळा पानं निघतील. एकेका पानावर जाकिटाचा एकेक तुकडा आहे, ती जमिनीवर मांडून जोडायची. कडेला आकडे घालतात, तुझ्यासाठी मी चित्रं घातलीत. चांदणीला चांदणी, मासोळीला मासोळी, छत्रीला छत्री अशी जुळवून चिकटव.

एकच गोष्ट जपायची. कॉम्प्युटरला आगाऊपणाची सवय असते. कागदाला चारी बाजूंनी कोरी कड सुटावी म्हणून तो चित्र आपणहून जरासं लहान करतो, आणि तसं सांगतही नाही. म्हणून दुकानदाराला बजाव, 'पानात बसवा' नको, शंभर टक्के छापा. शिवाय पहिल्या पानावर मी एक चौकोन काढलाय, दोन इंच उभा, दोन इंच आडवा. कात्री लावायच्या आधी त्याला टेप लाव. चौकोन बरोबर भरला की बाकी सगळं बरोबर. मग डोळे मिटून काप.

आई मजेत आहे. कामात असते.

तुझी भिंगरी

(त्याच पाकिटात, वेगळी घडी)

मास्तरीणबाई, ही घडी आजीला वाचून दाखवू नका.

आईला गेल्या वर्षी पोटाचा कॅन्सर निघाला. दोन ऑपरेशनं झाली. आता औषधं बंद करा म्हणतात. दोन महिने, फार तर तीन. तिने माझ्याकडून शपथ घेतली आहे की आजीला कळवायचं नाही. माझा मामा गेला तेव्हा आजी अठरा दिवस त्याच्या उशाशी बसली होती आणि नंतर वर्षभर तिने मशीनला हात लावला नाही. आई म्हणते, एका लेकराला तिने पोहोचवलंय, दुसऱ्याला पोहोचवायला मी तिला बोलावणार नाही. मी गेल्यावर सांग.

सगळे कपडे तिच्या अंगावर लोंबतात. आरशासमोर उभी राहत नाही. अंगाला बसणारी एक तरी गोष्ट तिला मिळावी, एवढंच मला हवंय. म्हणून माप खरं दिलंय. आजीला शंका आली तर तुम्ही सांभाळून घ्या. मला दुसरं कुणी नाही.


२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझा नमस्कार खुर्चीसकट पोहोचला.

आता दुकानाची गोष्ट ऐक. छपाईवाल्याच्या डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. मी म्हटलं, "बाबा, शंभर टक्के छाप." तो म्हणाला, "आजी, आमचं काम शंभर टक्केच असतं." घ्या. सोळा पानं घेऊन घरी आले, खाटा उभ्या केल्या, पानं जमिनीवर पसरली. मास्तरीणबाई रांगत रांगत चांदण्या शोधत होत्या आणि मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. एवढी मजा मला पुष्कळ दिवसांत आली नव्हती. (मला आली नाही. — लिहिणारी)

मग चौकोनाला टेप लावली. टेपवरचे आकडे मला वाचता येत नाहीत, पण रेघा मोजता येतात. मला फसवायचं तर आधी रेघांना फितवावं लागेल. चौकोन डाळीच्या दाण्याएवढा कमी भरला. उभाही आणि आडवाही.

परत दुकानात. तो म्हणतो, "एवढ्याने काय होतं?" म्हटलं, "दोन इंचांत एक दाणा गेला तर छातीच्या घेरात किती जातील ते मोज. जाकीट घालणारी श्वास घेईल की नुसतीच उभी राहील?" तेव्हा कुठे त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, बराच वेळ कॉम्प्युटरात डोकं घातलं, आणि 'पानात बसवा'ची ती खूण सापडली. तुझा कॉम्प्युटर आगाऊ, त्याचा त्याहून आगाऊ. खूण काढून पुन्हा छापलं. पुन्हा सोळा पानं, पुन्हा मास्तरीणबाईंचे गुडघे. या वेळी चौकोन रेघेला रेघ भरला.

पण भिंगरे, कागद तरी लहानच आहे.

पाठीची उंची बरोबर आहे. बाहीची लांबी बरोबर आहे. आडवा मात्र फार कमी. मागच्या खेपेला ती माझ्याकडे एक शर्ट विसरून गेली होती, तो वर ठेवून पाहिला, तर दोन्ही अंगांना चार चार बोटं बाहेर. तू कुणाचं माप घातलंस? तुमच्या कंपनीतल्या एखाद्या काडीपैलवान पोरीचं तर नाही? इतकी मापं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात ठेवतेस, एखादं इकडचं तिकडे झालं असेल. मास्तरीणबाई म्हणतात, हल्ली कपडे अंगासरशीच घालतात. हे म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना शिवणातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

कात्री लावलेली नाही. उत्तर आल्याशिवाय लावणार नाही.

आजी


२७ फेब्रुवारी

आजी,

माप आईचंच आहे. लिहायचं राहून गेलं, ती हल्ली रोज सकाळी चालायला जाते, गोड सोडलंय, चांगलीच बारीक झाली आहे. कचेरीतल्या बायका तिला गुपित विचारतात. शिवाय काही जुनी यंत्रं कागद आत ओढताना आडवं थोडं आकसवतात, तसंही झालं असेल. तू फार विचार करू नकोस. आहे तसंच काप. तिला जाकीट लवकर हवंय, थंडी फार वाजते.

भिंगरी

(वेगळी घडी)

बाई, आजीच्या पत्रात जे लिहिलंय ते लिहिताना मलाच लाज वाटली. आज दिवसभरात दोन चमचे पाणी पोटात राहिलं. उशाला टेकवून बसवलं की विचारते, "आईचं पार्सल आलं का?" तेवढं एकच विचारते. आजी ऐकेल तुमचं, तिला घाई करा.


९ मार्च

भिंगरे,

जाकीट पाठवलंय. पत्र त्याच्या खिशात आहे. खिसा तू काढला नव्हतास, मी लावलाय. बिनखिशाचं जाकीट म्हणजे बिनदांड्याचा कप.

तुझा कागद मी पाळला नाही, हे आधीच सांगते. दोन्ही कुशींना चार चार बोटं कागद जोडला, बाही दंडाला सैल केली आणि मग कापलं. बारीक झालीय म्हणतेस, होऊ दे. बाई चार दिवस बारीक होते आणि मग निमूट आपल्या मूळ मापावर येते. मी मूळ मापाचं शिवलंय. काजं हाताने केलीत. एक जरा तिरकं आहे, ते मास्तरीणबाईंच्या शिंकेचं.

तिला घालून उभं कर, पुढून बघ, मागून बघ आणि कसं बसलंय ते मला कळव. एवढं एकच विचारते. घाई नाही, नीट बघून लिही.

आजी


१८ मार्च

आजी,

जाकीट मिळालं. आईला अगदी मापात बसलं. जसं काही अंगावर ठेवून शिवलंय. खिसा तर तिला इतका आवडला की हात बाहेर काढत नाही. तुझंच बरोबर होतं, माझ्या पॅटर्नमध्येच काही चुकलं असेल.

ती लिहीलच तुला. सध्या काम फार आहे.

भिंगरी

(वेगळी घडी)

बाई, ते तिच्याभोवती दोनदा गुंडाळता येईल एवढं मोठं आहे. मी म्हटलं, कुशीला टाके घालून आत घेते. तिने माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे. आईच्या डोक्यात मी अजून एवढी आहे." तीन दिवस अंगातून काढू दिलं नाही.

डॉक्टर आता आठवडे म्हणत नाहीत. दिवस म्हणतात.


२४ मार्च

भिंगरे,

आज मास्तरीणबाई हळू लिहितायत. लिहू देत.

आधी माझा गुन्हा कबूल करते, मग तुझा सांगते. जाकीट मी मुद्दाम सैल शिवलं.

तू लिहिलंस, यंत्र कागद आडवा आकसवतं. मग चौकोन आडवा का नाही आकसला? तो तर चारी बाजूंनी दोन इंच भरत होता. छपाईत चुकलं असतं तर पाठीची उंचीही गेली असती. ती जागच्या जागी होती. आडवं घटून उंची तशीच राहते असं कागदाचं होत नाही, माणसाचं होतं. म्हणजे गोष्टी उरल्या दोनच. तू चुकलीस, नाहीतर माझी लेक तेवढी झाली. आणि तू मापात चुकत नाहीस. नऊ वर्षांची होतीस तेव्हा माझं वाकडं काज दाखवून मला घरभर नाचवलं होतंस.

तरी मी म्हटलं, म्हातारीचं डोकं, नाही ते शोधतं. खात्री करू. म्हणून चार चार बोटं जोडून शिवलं आणि तुला विचारलं, कसं बसलं. ती खरंच चालायला जात असती, गोड सोडून बारीक झाली असती, तर तू लिहिलं असतंस, 'आजी, कसलं ढगळं शिवलंस, आत दुसरी बाई मावेल.' चार ओळी माझी थट्टा केली असतीस. मी वाट बघत होते त्या थट्टेची. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की दारात उभी राहत होते. आणि तू लिहिलंस, अगदी मापात बसलं.

मग मी मास्तरीणबाईंना म्हटलं, "बाई, पाकिटातून दर वेळी दोन घड्या निघतात. मला वाचता येत नाही, मोजता येतं. तुम्ही वाचता एकच." त्या उठल्या. घरी गेल्या, तिन्ही घड्या घेऊन आल्या आणि वाचल्या. चांगल्या वाचल्या. त्यांचा आवाज फक्त शेवटच्या घडीला गेला, तोवर माझं ऐकून झालं होतं.

तुझ्या आईला माझा निरोप दे. म्हणावं, शपथ घालायचा हक्क आईचा असतो, लेकीचा नसतो. मामाच्या उशाशी मी अठरा दिवस बसले, ते अठरा दिवस माझे आहेत. त्यांतल्या एकेका दिवसावर मी अजून जगतेय. वर्षभर मशीनला हात लावला नाही ते मी बसले म्हणून नव्हे, तो गेला म्हणून. मी बसले नसते तर तो राहिला असता का? एवढी शिकलेली लेक माझी, तिला हे साधं गणित येऊ नये?

दुसरं जाकीट शिवलंय. तुझ्या कागदाबरहुकूम, वर एक दोराही न जोडता. ते पोस्टाने पाठवणार नाही.

इथून गाडी आठवड्यात दोनदाच सुटते. गुरुवारी दुपारी बसते, शुक्रवारी सकाळी अकराला तुमच्याकडे उतरते. मास्तरीणबाई आजच तुला फोन करून सांगणार आहेत. पण हे सगळं माझ्या तोंडचं, कागदावर, तुझ्या हातात पडायला हवंय.

तिला म्हणावं, आई निघाली. जरा थांब.

आजी


३० एप्रिल

आजी,

तू गेल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते. तुझं २४ तारखेचं पत्र इथे पोहोचलं तेव्हा तू आमच्या घरातच होतीस, आतल्या खोलीत तिच्या कपाटासमोर बसली होतीस. ते तुझ्यासमोर उघडायची मला हिंमत झाली नाही. तू गेल्यावर वाचलं.

बाईंचा फोन आला तेव्हा मी आईला सांगितलं, आजी येतेय. मला वाटलं चिडेल. ती हसली. म्हणाली, "कळलंच तिला?" मग बऱ्याच वेळाने विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, पॅटर्नवरून. म्हणाली, "अगं, तिला कागद दाखवायचाच नव्हता." आणि मग दिवसभर दर थोड्या वेळाने विचारत होती, किती वाजले, गाडी कुठवर आली असेल. तिला तू हवी होतीस, आजी. शपथ घालतानाही हवी होतीस. मला ते दिसत होतं आणि मी शपथच पाळत बसले.

शुक्रवारी सहाला ती गेली. तू अकराला आलीस.

तू पिशवीतून ते दुसरं जाकीट काढलंस, मला बाजूला सारून तिला एकटीने घातलंस, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावलीस. नंतरचे नऊ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललीस. निघताना माझ्या डोक्यावर तुझा हात होता. तो ठेवला होतास की पायरी उतरताना आधाराला टेकला होतास, ते मला कळलं नाही. तेव्हापासून तेच आठवतंय.

माझ्यामुळे तुझे पाच तास चुकले. पाच तास कसले, फेब्रुवारीपासूनचे सगळेच दिवस. मला माफ करशील का?

मी बरी आहे. जेवते, कामावर जाते. माझी काळजी करू नकोस.

भिंगरी

या पाकिटात दुसरी घडी नाही.


१२ मे

भिंगरे,

घडी एकच होती. मी मोजली.

तू विचारलंस म्हणून सांगते, गोड बोलायचं माझं वय राहिलेलं नाही. माफ केलेलं नाही अजून. करायचं आहे, पण होत नाही. ते पाच तास घरात कुठे ठेवू ते मला सापडत नाही. भांडी घासताना मध्ये येतात, झाडताना मध्ये येतात. गाडीत मी त्या वेळी काय करत होते माहितीये? सहाच्या सुमाराला शेजारच्या बाईला तुझ्या आईच्या बडबडीची गोष्ट सांगत होते. दोघी हसत होतो.

मास्तरीणबाईंनाही मी माफ केलेलं नाही. हे त्या स्वतःच्या हाताने लिहितायत, बघ. (लिहिते आहे.) त्या रोज येतात, सुईत दोरा ओवून देतात आणि मी ती सुई घेते. तसं तुझ्याकडूनही घेईन. माफी आपल्या पायांनी यायची तेव्हा येईल, आली की कळवीन. तोवर तू माझ्याशी बोलायचं थांबू नकोस आणि मी तुझ्याशी थांबणार नाही.

तो हात आधाराला टेकला होता. पायरी उंच होती आणि मला समोरचं दिसत नव्हतं. आणि ठेवलाही होता. एका हाताने दोन कामं होतात, कुठल्याही शिवणाऱ्या बाईला विचार.

जाकिटाचं मला कुणाशी तरी बोलायचं होतं, ते तुझ्याशीच बोलता येईल. जन्मभर मी शिवलं. कुणी कपडा घालून समोर उभं राहावं, कुठे ओढ नसावी, कुठे झोळ नसावा, आणि मला आतून गार वाटावं, असं पुष्कळदा झालंय. त्या दिवशी खांदा खांद्यावर बसला. बाही मनगटाच्या हाडाशी थांबली. बटणं लावताना कापड कुठे तटलं नाही. इतकं नेमकं माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. तुझा कागद अचूक होता, भिंगरे. आणि मी शेवटच्या बटणापर्यंत वाट बघत होते की कुठे तरी तंग होईल. लेक माझी, थोडी तरी उरली असेल कागदापेक्षा जास्त.

असो. मास्तरीणबाईंनी चष्मा काढलाय, त्यांना जरा थांबू देते.

आता कामाचं. तू लिहितेस, मी बरी आहे, जेवते, कामावर जाते. हे वाक्य मला पाठ आहे. तुझ्या आईने वर्षभर तेच पाठवलं, फक्त अक्षर वेगळं होतं. मला काय, दोन्ही अक्षरं सारखीच. तेव्हा पत्रात तुला वाटेल ते लिही, मी ऐकून घेईन, जमलं तर विश्वासही ठेवीन. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या अंगाला टेप लाव, पॅटर्न काढ आणि इथल्या छपाईवाल्याकडे पाठव. शिवायचं काही नाही. मी पानं जमिनीवर पसरीन, जोडीन आणि बघेन. मला तेवढं एकच वाचता येतं.

सगळं जमत नसेल तर या महिन्याला नुसती बाही पाठव. दंडाचा घेर नीट घे. माणूस आधी तिथूनच उतरतं.

आजी